संगमाकाठचे कॉलेज ऑफ सायन्स

मुळा आणि मुठा या दोन नद्या पुण्यात जेथे एकमेकींस मिळतात, त्या संगमाच्या परिसरात दगडी बांधणीची, टोकदार कमानींची जी जुनी इमारत आजही विद्यार्थ्यांनी गजबजलेली असते, तीत नांदणाऱ्या संस्थेने आपल्या दीर्घ आयुष्यात अनेक नावे धारण केली. आरंभी ती केवळ एक वर्ग आणि त्याला जोडलेली यंत्रशाळा होती. मग ती सिव्हिल इंजिनियरिंग कॉलेज झाली. मग कॉलेज ऑफ सायन्स. मग कॉलेज ऑफ इंजिनियरिंग. आणि २०२२ साली राज्याच्या कायद्याने तिला स्वतंत्र तंत्रशास्त्र विद्यापीठाचा दर्जा लाभला. पहिल्या आणि अखेरच्या नावांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला येथे विशेषेकरून लिहावयाचे आहे ते मधल्या तिसऱ्या नावाविषयी, म्हणजे १८८० च्या सुमारापासून १९११ पर्यंतच्या त्या तीस वर्षांविषयी, जेव्हा स्थापत्य, पदार्थविज्ञान, रसायन, कृषी, अरण्यविद्या आणि वनस्पतिशास्त्र ही सारी एकाच छपराखाली, एकाच प्राचार्याच्या देखरेखीखाली आणि एका लहानशा विद्यार्थिसमूहात एकत्र नांदत होती. त्या संस्थेचे थोरपण तिच्या लहानपणात होते अशी माझी धारणा आहे, आणि ते लहानपण कसे घडले व पुढे कसे संपले हे सांगण्यासाठी थोडे मागे जाणे प्राप्त आहे.

इंग्रजांनी वर्ग काढीपर्यंत पुण्यास बांधकामाची विद्या ठाऊक नव्हती असे मुळीच नाही. नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दीत कात्रज येथे तलाव बांधून तेथील पाणी भूमिगत नळाने शहरातील हौदांपर्यंत आणले गेले. त्या नळाचा उतार, ठिकठिकाणी ठेवलेले उच्छ्वास आणि गाळ बसण्याची केलेली सोय पाहिली म्हणजे हे काम करणाऱ्या माणसांस पाण्याचा स्वभाव पुरता अवगत होता याविषयी शंका राहत नाही. पण ही विद्या गवंडी, पाथरवट, बेलदार आणि सुतार यांच्या घराण्यांतून हातोहात चालत आलेली होती. बापाने मुलाला ओळंबा धरावयास शिकवावा, चुना किती दिवस भिजवावा, घाणीत किती मळावा हे कामावरच दाखवून द्यावे, आणि जे दाखविता येत नाही ते तसेच राहून जावे, असा तिचा क्रम होता. दप्तरात खर्चाचे आकडे सापडतात, मजुरी सापडते, कारखान्याचे हिशेब सापडतात. पण नळाचा उतार इतकाच का ठेवला याची उपपत्ती कागदावर कोणी मांडून ठेवल्याचे आढळत नाही. एखादे घराणे खुंटले की त्याच्याबरोबर ही उपपत्तीही जात असे.

पेशवाई बुडाल्यावर कंपनी सरकारला जी पहिली गरज भासली ती पूल वा कालवे यांची नसून मोजणीची होती. जमाबंदी बसवावयाची तर जमीन मोजली पाहिजे, आणि जमीन मोजावयाची तर साखळी धरणारे, नकाशा काढणारे, क्षेत्रफळाचे गणित करणारे लोक हवेत; ते विलायतेहून आणणे परवडणारे नव्हते. याच गरजेतून १८२३ साली मुंबईस कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली इंजिनियर इन्स्टिट्यूशन या नावाची एक शाळा निघाली. तिची हकिकत मराठी वाचकाने अवश्य लक्षात ठेवावी अशी आहे, कारण तेथील शिक्षण मराठी आणि गुजराती या भाषांतून दिले जात असे. जर्व्हिस स्वतः मराठी शिकले होते; शास्त्रीपंडितांच्या साहाय्याने त्यांनी गणिताचे, भूमितीचे ग्रंथ मराठीत उतरविले, आणि ‘कर्तव्यभूमिती’, ‘शिक्षामाला’ ही नावे त्या काळच्या मराठी ग्रंथांच्या यादीत आजही आदराने घेतली जातात. ज्या काळी मराठी गद्य अजून नीट उभे राहावयाचे होते, त्या काळी त्रिकोणमितीचे सिद्धान्त मराठी वाक्यांत बसवून दाखविण्याचे हे साहस सामान्य नव्हते.

ती शाळा फार वर्षे टिकली नाही. पुढे एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनला जोडून इंजिनियरिंगचा एक वर्ग काढण्यात आला, तोही तग धरू शकला नाही. दरम्यान शिक्षणाचे माध्यम कोणते असावे यावर शिक्षणमंडळात मोठा वाद माजला. मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी इंग्रजीचे कैवारी, तर जर्व्हिस आणि जगन्नाथ शंकरशेट हे देशी भाषांचे. उच्च शिक्षणापुरता हा वाद इंग्रजीच्या बाजूने निकालात निघाला. माझ्या मते आपल्या तांत्रिक शिक्षणाच्या इतिहासातील हा सर्वांत मोठा वळणाचा प्रसंग होय. गवंड्याची भाषा आणि इंजिनियराची भाषा एक राहण्याचा जो एक मार्ग जर्व्हिस यांनी मोकळा करून दिला होता, तो येथे बंद झाला. आणि पुण्याची संस्था जेव्हा जन्मास आली तेव्हा ती या बंद झालेल्या दारापलीकडेच जन्मास आली. हे नुकसान तिने पुढे कसे व कितपत भरून काढले, ते ओघाने येईलच.

१८५४ हे साल हिंदुस्थानच्या सार्वजनिक बांधकामाच्या इतिहासात फार भरलेले साल आहे. आदल्याच वर्षी, १८५३ च्या एप्रिलात, मुंबईहून ठाण्यास पहिली आगगाडी धावली होती. उत्तरेत प्रोबी कॉटली यांचा गंगेचा कालवा १८५४ च्या एप्रिलात सुरू झाला, आणि त्या कालव्यासाठी माणसे तयार करण्याकरिता १८४७ साली रूडकीस निघालेले विद्यालय आता सर्वांच्या नजरेत भरू लागले होते. लॉर्ड डलहौसी यांनी त्याच सुमारास बांधकामाचा कारभार लष्करी मंडळाकडून काढून घेऊन स्वतंत्र बांधकाम खाते स्थापिले. आणि चार्ल्स वूड यांचा शिक्षणविषयक सुप्रसिद्ध खलिता लंडनहून निघाला तो १९ जुलै १८५४ रोजी. त्याच जुलै महिन्यात पुण्यास ‘पूना इंजिनियरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ उघडण्यात आले. खलित्याचा कागद त्या वेळी हिंदुस्थानात पोचलाही नव्हता. म्हणजे पुण्याचा वर्ग त्या खलित्याच्या हुकुमाने निघाला नाही, तर ज्या निकडीतून खलिता लिहिला गेला त्याच निकडीतून तोही निघाला असे म्हणणे यथार्थ ठरेल.

निकड कोणती, हे वर्गाच्या उद्दिष्टात स्पष्टपणे नमूद होते. इमारती, धरणे, कालवे, लोहमार्ग आणि पूल यांच्या कामांवर युरोपियन अधिकाऱ्यांच्या हाताखाली काम करतील असे दुय्यम नोकर तयार करणे, एवढेच त्याचे प्रयोजन होते. विद्यार्थ्याने रचना करावी, आराखडा मांडावा, निर्णय घ्यावा अशी अपेक्षा कोणी केलेली नव्हती. वरिष्ठाने काढलेला नकाशा नीट वाचावा, मजुरांकडून काम करवून घ्यावे, मोजमापाच्या वहीत खरे आकडे भरावे, आणि सुतारकाम, लोहारकाम यांत स्वतःचाही हात बसलेला असावा, म्हणजे झाले. या उद्दिष्टाचा संकुचितपणा दाखवून देणे सोपे आहे, आणि तो दाखविलाही पाहिजे; परंतु विद्यार्थ्याच्या हाती पुस्तकाबरोबर हातोडा आणि रंधाही द्यावा हा जो नियम केवळ काटकसरीपोटी येथे रुजला, त्याने या संस्थेला पुढे जे वळण लागले ते केवळ काटकसरीचे राहिले नाही. आरंभीच्या वर्षांतच येथे शिकून गेलेले मंचेरजी कावसजी मर्झबान बांधकाम खात्यात चढत चढत पुढे मुंबई म्युनिसिपालिटीचे एक्झिक्युटिव्ह इंजिनियर झाले, आणि निर्धन पारशी कुटुंबांसाठी स्वस्त भाड्याची घरे बांधण्याच्या कार्यात त्यांनी आपली सारी विद्या ओतली. हाताखालचे लोक घडविण्यासाठी काढलेल्या वर्गातून असा पुरुष बाहेर पडला, यावरून वर्ग काढणाऱ्यांच्या अपेक्षेपेक्षा वर्गाचे सामर्थ्य मोठे होते हे लवकरच दिसून आले.

१८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, आणि १८६० च्या दशकाच्या मध्यास पुण्याचा हा वर्ग त्याच्याशी संलग्न होऊन ‘सिव्हिल इंजिनियरिंग कॉलेज’ बनला. एल.सी.ई., म्हणजे लायसेन्शिएट इन सिव्हिल इंजिनियरिंग, ही पदवी आता येथे शिकून मिळविता येऊ लागली. नवीन इमारतीची कोनशिला मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते ५ ऑगस्ट १८६५ रोजी बसविण्यात आली. हा दिवस कोणत्या काळात पडला याचा विचार केला म्हणजे त्या समारंभाचे एक निराळेच महत्त्व ध्यानात येते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसास सोन्याचा भाव आला होता, मुंबईच्या शेठसावकारांच्या तिजोऱ्या ओसंडून वाहत होत्या, आणि युद्ध संपताच १ जुलै १८६५ च्या वायद्याला तो सारा बाजार कोसळला होता. कोनशिला बसली ती या कोसळण्यानंतर अवघ्या पाच आठवड्यांनी. ज्या सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी या कॉलेजास देणगी दिली, त्यांच्या औदार्याचा लाभ एल्फिन्स्टन कॉलेजास झाला, विद्यापीठाच्या दीक्षान्त सभागृहास झाला, आणि पुण्याच्या या संस्थेसही झाला. त्या तेजीत मिळालेले कित्येकांचे पैसे कागदी कंपन्यांबरोबर बुडून गेले. जे दगडात घातले गेले ते मात्र अजून उभे आहेत.

जागाही इतिहासाने भारलेली मिळाली. संगमाच्या याच परिसरात पेशव्यांच्या दरबारी असणाऱ्या इंग्रज वकिलाची, रेसिडेंटाची, वसाहत होती. येथेच सर चार्ल्स मॅलेट राहत असत, ज्यांच्यासाठी गंगाराम चिंतामण तांबट या पुणेकर कारागिराने वेरुळच्या लेण्यांची चित्रे काढली. आणि येथेच पुढील काळातील रेसिडेंट एल्फिन्स्टन राहत असताना ५ नोव्हेंबर १८१७ रोजी, खडकीच्या लढाईच्या दिवशी, मराठ्यांच्या फौजेने ती रेसिडेन्सी जाळून टाकली. ज्या भूमीवर एका राज्याचा अंत आणि दुसऱ्याचा आरंभ अग्नीच्या साक्षीने झाला, तिच्याच आसमंतात अर्धशतकाच्या आत नकाशे काढण्याची, दगड पारखण्याची, वनस्पती ओळखण्याची शाळा उभी राहिली. आणि योगायोग असा की, ज्या फ्रियर यांनी तिची कोनशिला बसविली त्यांचे नाव त्याच सुमारास डालझेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने जुन्नरकडील डोंगरांत सापडलेल्या एका दुर्मिळ वनस्पतीस दिले. आपल्याकडे तिला शिंदळ माकुडी म्हणतात, शास्त्राच्या पुस्तकांत ती ‘फ्रेरिया इंडिका’. गव्हर्नरसाहेबांचा लौकिक आता बव्हंशी इतिहासाच्या अभ्यासकांपुरता उरला आहे. शिवनेरीच्या कड्यावरील त्या लहानशा मांसल रोपट्याच्या निमित्ताने मात्र सह्याद्रीत हिंडणारे तरुण त्यांचे नाव अजून घेतात.

त्याच १८६५ साली प्राचार्यपदावर ज्यांची नेमणूक झाली ते थिओडोर कुक हे या कथेचे खरे नायक होत. ते आयर्लंडचे, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजचे विद्यार्थी. १८६० मध्ये ते हिंदुस्थानात आले ते बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचे इंजिनियर म्हणून, आणि वसईच्या खाडीवरील लोखंडी पुलाच्या बांधणीत त्यांनी नाव मिळविले. खाडीच्या गाळात लोखंडी खांब रोवण्याचे काम केलेला हा मनुष्य पुण्यास येऊन अठ्ठावीस वर्षे एका कॉलेजचा प्राचार्य म्हणून राहिला, आणि या अठ्ठावीस वर्षांत त्याचे मन पुलांकडून झाडांकडे वळले. सुटीत, दौऱ्यावर, घाटमाथ्यावर, कोकणात तो वनस्पती गोळा करीत असे. वाळवून, चिकटवून, नावनिशीवार लावून ठेवीत असे. आणि अशा रीतीने इंजिनियरिंगच्या कॉलेजात वनस्पतींचा एक मोठा संग्रह साठत गेला.

अशी सांगड घालण्यास सरकारला जो प्रसंग कारणीभूत झाला तो मात्र दारुण होता. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने दख्खनची दुर्दशा केली. सोलापूर, विजापूर, अहमदनगर, पुण्याचा पूर्वभाग हे मुलूख ओस पडले. माणसे पोटासाठी तलाव आणि रस्ते यांच्या दुष्काळी कामांवर खडी फोडू लागली. नुसती जमाबंदी बसवून आणि वसुली करून राज्य चालत नाही, जमीन कशी पिकते आणि अरण्य कसे राखावे हेही राज्यकर्त्यास कळले पाहिजे, ही जाणीव सरकारी कचेऱ्यांत प्रथम उमटली ती या आपत्तीनंतर. दुष्काळ आयोगाने १८८० साली प्रांतोप्रांती शेतकी खाती असावीत अशी शिफारस केली, त्याच्या आगेमागेच पुण्याच्या कॉलेजात कृषीचा वर्ग निघाला, अरण्यविद्येचे शिक्षण सुरू झाले, आणि संस्थेचे नाव बदलून ‘कॉलेज ऑफ सायन्स’ असे ठेवण्यात आले. मुंबई विद्यापीठाच्या विज्ञानपदवीचा अभ्यासही येथे होऊ लागला.

या नामांतराचा अर्थ किती खोल होता हे आज पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. पूल बांधणारा, पाणी खेळवणारा, पीक काढणारा आणि अरण्य राखणारा या चौघांची विद्या मुळात एकच आहे, चौघांनाही दगड, माती, पाणी आणि ऊन यांचेच ज्ञान हवे आहे, हा विचार त्या नावात अध्याहृत होता. कालव्याचे काम शिकणाऱ्याच्या शेजारच्या खोलीत त्या कालव्याच्या पाण्यावर काय पिकेल याचा पाठ चालू असे. मोजणी शिकून मावळात जाणाऱ्या विद्यार्थ्यास तेथील अरण्यात कोणते लाकूड बांधकामास टिकाऊ, हे सांगणारा अध्यापक त्याच आवारात असे. वनस्पतिशास्त्राचे अध्यापन जॉर्ज मार्शल वुड्रो यांच्याकडे होते. गणेशखिंडीच्या वनस्पतिउद्यानाची व्यवस्थाही तेच पाहत, आणि हिंदुस्थानातील बागाइतीवर त्यांनी लिहिलेला ग्रंथ पुष्कळ वर्षे बागवानांच्या हाती राहिला. त्यांच्या नंतर गॅमी आले, त्यांनी मुंबई इलाख्यातील आमरांचा, म्हणजे ऑर्किड जातीच्या वनस्पतींचा, अभ्यास केला. १८९० च्या सुमारास हिंदुस्थान सरकारने वनस्पतींच्या पाहणीचे खाते उभारले, तेव्हा पश्चिम हिंदुस्थानचा कारभार कुक यांच्याकडेच सोपविण्यात आला. म्हणजे एका इंजिनियरिंग कॉलेजचा प्राचार्य साऱ्या पश्चिम हिंदुस्थानच्या वनस्पतींचा दप्तरदार झाला! आजच्या काळी विद्येच्या शाखाशाखांतील कुंपणे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ही गोष्ट नवलाची वाटेल, पण त्या लहानशा कॉलेजात ती सहज घडली. आणि ती सहज घडली याचे मुख्य कारण ते कॉलेज लहान होते हेच मला दिसते. अध्यापक मोजके, इमारत एक, प्रयोगशाळा सामाईक; मनुष्य आपल्या विषयाच्या बाहेर पाऊल टाकताच दुसऱ्याच्या विषयात जाऊन पडे.

याच काळात म्हैसूर संस्थानातून एक तरुण पुण्यास आला. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजातून १८८१ साली बी.ए. झालेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन कॉलेज ऑफ सायन्समध्ये दाखल झाले आणि १८८३ साली एल.सी.ई.च्या परीक्षेत पहिले आले. त्यांना जे पारितोषिक मिळाले ते जेम्स बर्कली यांच्या नावाचे होते, ज्या बर्कलींनी मुंबई-ठाणे लोहमार्ग टाकला आणि बोरघाटाची रेषा आखली. पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्यास मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनियरची जागा देण्याची तेव्हा सरकारची हमी असे. तीप्रमाणे १८८४ साली ते नोकरीस लागले आणि नाशिककडे रुजू झाले.

या हमीकडे नीट पाहिले पाहिजे. तीस वर्षांपूर्वी हाताखालचे लोक तयार करण्यासाठी जो वर्ग निघाला त्याच्या विद्यार्थ्यास आता अधिकाऱ्याच्या हुद्द्याचे दार उघडले खरे, पण ते एका वेळी एकालाच आत घेण्याइतकेच. बाकीच्या जागांसाठी विलायतेत एघमनजीक कूपर्स हिल येथे १८७२ साली खास कॉलेज काढण्यात आले होते, आणि ते १९०६ साली बंद होईपर्यंत हिंदुस्थानच्या बांधकाम खात्यातील वरिष्ठ जागा मुख्यत्वे तेथील पदवीधरांनी भरल्या. एकाच कालव्यावर दोन इंजिनियर काम करीत. एकाची विद्या संगमावरची, दुसऱ्याची थेम्सच्या काठची. काम सारखे, पण पगार, बढती आणि मान यांत अंतर. या अन्यायाविषयी सौम्य शब्द वापरण्याचे मला काही कारण दिसत नाही. पुण्याच्या कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या पिढ्यानपिढ्यांच्या कर्तृत्वावर तो एक पक्का बांध होता.

विश्वेश्वरय्यांच्या चरित्रात तो बांध स्पष्ट दिसतो. नीरा कालव्यावर त्यांनी पाटपाण्याच्या वाटपाची गटपद्धत आणली, जिच्यात गावाच्या जमिनीचे गट पाडून पिके आणि पाणी यांची पाळी नेमून दिलेली असे. एका गावाला वारेमाप पाणी आणि शेवटच्या गावाला कोरडा पाट हे दृश्य तिच्यामुळे पुष्कळसे आटोक्यात आले. खडकवासल्याच्या जलाशयावर १९०३ साली त्यांनी शोधलेले स्वयंचलित दरवाजे बसविण्यात आले. तलाव ठराविक पातळीपर्यंत भरला की दरवाजे आपोआप उघडावेत, पुराचे पाणी निघून गेले की आपोआप मिटावेत, आणि धरणाची भिंत न वाढविता साठा मात्र वाढावा, अशी ती योजना होती. इतके करूनही इलाख्याच्या मुख्य इंजिनियरचे पद हिंदी माणसास मिळण्यासारखे नाही हे ओळखून १९०८ साली त्यांनी मुंबई सरकारची नोकरी सोडली. पुढे हैदराबाद आणि म्हैसूर या संस्थानांना त्यांचे जे कर्तृत्व लाभले ते मुंबई इलाख्याने आपल्या हाताने घालविले. पुण्यातील वास्तव्यात न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांचा सहवास त्यांना घडला, डेक्कन क्लबाच्या स्थापनेत त्यांचा हात होता. तेव्हा पुण्याने त्यांना केवळ पदवी दिली असे नव्हे.

परंतु कोणत्याही कॉलेजचा इतिहास त्याच्या पहिल्या आलेल्या विद्यार्थ्यांवरून लिहिणे मला अपुरे वाटते. संगमावरच्या कॉलेजातून बाहेर पडलेल्यांत मोठा भरणा होता तो ओव्हरसियर आणि सब-ओव्हरसियर यांचा. त्यांची नावे कोणत्याही कोशात नाहीत, आणि तरीही महाराष्ट्राचा जो भूगोल आपण आज पाहतो तो पुष्कळ अंशी त्यांच्या हातचा आहे. घाटरस्त्याच्या मोऱ्या, तालुक्याची कचेरी, मामलेदाराचा बंगला, गावची शाळा, पाझर तलावाचा बांध, कालव्यावरचा पूल, यांपैकी प्रत्येक कामावर कुणी एक तरुण ब्राह्मण, प्रभू, पारशी, क्वचित अन्य जातीचा पदविकाधारी तंबू ठोकून वर्षभर राहिलेला असे. सकाळी हजेरीपट भरावा, मुकादमाशी मजुरीचा वाद मिटवावा, वडारांनी फोडलेल्या खडीचे ढीग मापावे, चुन्याची घाणी बैल थांबू न देता फिरते आहे ना हे पाहावे, पाथरवटाने घडलेल्या चिऱ्याला गुण्या लावून कोन तपासावा, रात्री कंदिलाच्या उजेडात मोजमापाची वही आणि एस्टिमेट इंग्रजीत लिहून साहेबाकडे रवाना करावे, असे त्याचे आयुष्य. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत हजारो उपाशी माणसांची कामे मोजून त्यांना वेळेवर मजुरी पोचविण्याचा भार याच वर्गावर पडला. त्यात मोजमापात चोरी करणारे नव्हते असे मी म्हणणार नाही. पण ज्याने प्रामाणिकपणे मापले त्याच्या वहीवर कित्येकांची भाकरी अवलंबून होती, हे आपण विसरता कामा नये.

आणि जर्व्हिस यांच्या बरोबर जो मार्ग बंद झाला होता, तो या माणसांनी आपल्या परीने पुन्हा मोकळा केला. इंग्रजीत शिकलेले त्यांना कामावर मराठीत सांगावे लागे, आणि गवंड्याने मराठीत सांगितलेले इंग्रजीत लिहावे लागे. या दुतर्फा व्यवहारात लेव्हल, पाया, गाळा, कमान, सेंटरिंग, जोते, एस्टिमेट, गिलावा अशी एक मिश्र बोली घडली, जी आजही महाराष्ट्रातील प्रत्येक बांधकामावर ऐकू येते. तिला ग्रंथ नाही. ती सर्वस्वी ओव्हरसियर आणि गवंडी यांच्या संभाषणातून उपजली. कात्रजच्या नळाची उपपत्ती ज्या गवंड्यांच्या हातात राहून गेली होती, त्यांच्या नातवंडापणतवंडांशी पुस्तकी विद्येचा पहिला संवाद या बोलीत झाला.

विसाव्या शतकाच्या आरंभी हा एकत्र संसार विभक्त होऊ लागला. १९०७ साली कृषिविभाग स्वतंत्र होऊन पुण्याचे शेतकी कॉलेज जन्मास आले, आणि त्याचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी पुढे पिंपळे सौदागर या गावाची जी आर्थिक पाहणी केली ती भारतातील ग्रामीण अर्थशास्त्राच्या अभ्यासात आजही आधारभूत मानली जाते. १९११ साली मुंबईस रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सची पायाभरणी झाली. शुद्ध विज्ञानाच्या उच्च शिक्षणाचे केंद्र तिकडे गेले. त्याच वर्षी पुण्याच्या संस्थेचे नाव ‘कॉलेज ऑफ इंजिनियरिंग’ झाले, एल.सी.ई.ची जागा बी.ई. या पदवीने घेतली, आणि स्थापत्याच्या जोडीस यंत्र, विद्युत् आणि, स्वातंत्र्यानंतर, धातुशास्त्र अशा शाखा क्रमाने येत गेल्या. हे विभाजन टाळता येण्यासारखे होते असे मला वाटत नाही. शेतकीला शेते हवी होती, विज्ञानाला मोठ्या प्रयोगशाळा, आणि यंत्रविद्येला अशी यंत्रे की जी जुन्या आवारातील लोहारकामाच्या भात्याशेजारी बसविणे शक्य नव्हते. पण एका छपराखालचे ते शेजारपण गेले, आणि त्याबरोबर कालव्याच्या इंजिनियरास पिकाची आणि शेतकी पदवीधरास पाटाची ओळख अनायासे होण्याचा योग गेला. पुढील काळात महाराष्ट्रात कालवे आले तेथे पाणी साचून आणि क्षार वर येऊन चांगल्या काळ्या जमिनी नापीक झाल्या, त्याची कारणे अनेक आहेत. त्यांत हेही एक कारण आहे असे मी मानतो.

कुक १८९३ साली निवृत्त होऊन विलायतेस गेले, आणि क्यू येथील वनस्पतिउद्यानात बसून त्यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा तो बृहद्ग्रंथ लिहिला, जो १९०१ ते १९०८ या वर्षांत दोन खंडांत प्रसिद्ध झाला. शास्त्रीय वर्णनाशेजारी त्यांनी जागोजाग वनस्पतींची मराठी आणि इतर देशी नावे नोंदविली; ती नावे शेतकऱ्यांच्या, धनगरांच्या आणि अरण्यात राहणाऱ्या लोकांच्या तोंडची. १९१० साली ते वारले. ग्रंथ दुर्मिळ झाल्यावर १९५८ साली भारतीय वनस्पती सर्वेक्षण खात्याने त्याचे पुनर्मुद्रण केले, कारण पश्चिम भारतातील वनस्पती ओळखण्यासाठी त्याच्या तोडीचे दुसरे साधन अद्याप तयार झालेले नव्हते. कॉलेज ऑफ सायन्समध्ये कुक, वुड्रो आणि त्यांच्या हाताखालच्या देशी सहायकांनी जमविलेला वाळलेल्या वनस्पतींचा संग्रह कृषिविभागाबरोबर शेतकी कॉलेजात गेला, आणि १९५५ साली सर्वेक्षण खात्याची पश्चिम शाखा पुण्यास स्थापन झाली तेव्हा तिच्या हर्बेरियमचा पाया त्यानेच घातला गेला. कोरेगाव रस्त्यावरील त्या कचेरीत आजही नवीन सापडलेली वनस्पती त्या जुन्या कागदांशी ताडून पाहिली जाते.